घोड्यासाठी कॉर्डलेस क्लिपर कसा निवडावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोव्हेंबर लागला की क्लिपरची, म्हणजे घोड्याचे केस कापायच्या मशीनची, चौकशी सुरू होते. सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा, माळेगावचा खंडोबा, लग्नसराई, मुंबईच्या रेसचा हंगाम, रायडिंग क्लबांच्या स्पर्धा, सगळं एकाच थंडीत येतं. एखाद्याच्या दारात एकच काठेवाडी घोडी असते, कुणाची माथेरानला सवारीची चार घोडी, कुणाचा मोठा क्लब. प्रश्न मात्र बहुतेकांचा एकच: "कोणत्या कंपनीचं घेऊ?"

माझ्या मते कंपनी सगळ्यात शेवटी येते. आधी कोणते केस कापायचे ते ठरवा. मग त्याला कोणतं ब्लेड लागतं, ते आपल्याकडे परत मिळतं का आणि त्याला धार लावून मिळते का ते बघा. त्यानंतर बॅटरी.

आपल्याकडच्या घोड्याला क्लिपर लागतो तरी का? रोजचा खरारा पुरत नाही का?

अंगाच्या केसांसाठी बहुतेक घोड्यांना खरारा पुरतो, आणि हे आधीच सांगितलेलं बरं, कारण परदेशी व्हिडिओ बघून घोडा अंगभर भादरायला निघालेले लोक भेटतात.

घोड्याच्या अंगावर थंडीचे दाट केस येतात ते मुख्यतः दिवस लहान झाल्यामुळे. थंडी त्यात भर घालते, पण घोड्याचं शरीर पाहतं ते उजेडाकडे. लंडनमध्ये डिसेंबरात दिवस जेमतेम आठ तासांचा उरतो. पुण्यात सगळ्यात लहान दिवससुद्धा अकरा तासांच्या आसपास असतो. त्यामुळे तिकडच्या घोड्यांवर जसा जाड केसांचा थर चढतो तसा आपल्याकडच्या मारवाडी, काठेवाडी किंवा भीमथडी जातीच्या घोड्यांवर चढत नाही. तिकडे कामाच्या घोड्याचं अंग थंडीत कापावंच लागतं, नाहीतर घाम तासन् तास सुकत नाही. आपल्याकडे अंगभर कापणी लागते ती थोड्यांनाच: थंडीत जोरात काम करणारे रेसचे आणि स्पर्धेचे घोडे, उत्तरेकडून नुकताच आणलेला दाट केसांचा घोडा, किंवा आजारपणामुळे केस न झडणारा म्हातारा घोडा.

बाकीच्यांना क्लिपर हवा तो टापटिपीसाठी आणि आरोग्यासाठी. कानामागे लगामाचा पट्टा बसतो तिथली आयाळ, जबड्याखालचे लांब केस, कानाबाहेर आलेले केस, खुराच्या वर मागच्या बाजूला लोंबणारे केस, आणि जखम झाली की तिच्या भोवतीचे केस. एवढ्या कामाला मोठं मशीन लागत नाही.

मग कोणत्या आकाराचं मशीन घेऊ?

बाजारात तीन आकार दिसतात.

सगळ्यात छोटं म्हणजे ट्रिमर. वजन पाव किलोच्या आसपास, एका मुठीत मावतं, आवाज कमी. याच्या ब्लेडवर बहुतेक वेळा एक छोटी कळ असते. ती सरकवली की कापण्याची लांबी साधारण पाऊण मिलिमीटरपासून तीन मिलिमीटरपर्यंत बदलते. वाल आणि मोझर या कंपन्यांची या प्रकारातली मशीन आपल्याकडच्या घोड्यांच्या डॉक्टरांकडे आणि कुत्र्यांच्या ग्रूमिंगच्या दुकानांतही दिसतात. चेहरा, कान, पाय, जखमा यासाठी हे उत्तम.

मधला आकार साधारण अर्ध्या किलोचा, ब्लेड काढता-घालता येणारं. अँडिसचं पल्स झेडआर किंवा हाइनिगरचं सफीर याच वर्गातलं. ब्लेडची रुंदी साधारण पाच सेंटिमीटर. यावर छोटी कामं होतातच, शिवाय मान आणि छातीचा पट्टाही कापता येतो. अंगभर कापणीही होते, पण वेळ जातो आणि मध्ये थांबून मशीन थंड करावं लागतं.

तिसरं मोठं, एक किलो किंवा त्याहून जड, साडेसात सेंटिमीटर रुंद ब्लेडचं. हाइनिगरचं एक्सप्लोरर, किंवा कमरेला बॅटरीचा पट्टा बांधून चालवायचं लिस्टरचं लिबर्टी. हे अंगभर कापणीसाठीच. चेहऱ्यावर आणि कानांजवळ ते नेऊ नये.

एक ते पाच घोडी असतील आणि अंगभर कापणी करायची नसेल तर ट्रिमर घ्या. क्लब असेल, घोड्यांच्या जाती वेगवेगळ्या असतील, तर मधला आकार. मोठं मशीन दरवर्षी निदान सहा-सात घोडी पूर्ण कापणाऱ्यानेच घ्यावं, नाहीतर ते वर्षभर पेटीत पडून राहतं आणि बॅटरी बसते.

वायरचं मशीन स्वस्त मिळतंय. कॉर्डलेसला जास्त पैसे का घालायचे?

तबेल्यात जमीन ओली असते, घोड्याला नाल असतात आणि घोडा एका जागी उभा राहत नाही. वायर खुराखाली आली, सोलली गेली, तर घोडा आणि माणूस दोघांच्याही जिवावर बेततं. घोड्याला विजेचा धक्का माणसाहून लवकर आणि जास्त बसतो, कारण त्याचे चारही पाय जमिनीवर असतात, पायात बहुतेक वेळा लोखंड असतं आणि बूट नसतात. वायरचं मशीन वापरणारच असाल तर तबेल्याच्या बोर्डला अर्थ लीकेज ब्रेकर (वीज जमिनीत गळू लागली की लगेच तोडणारं बटण) बसवून घ्या, आणि वायर एका माणसाने हातात उचलून धरलीच पाहिजे.

दुसरी गोष्ट विजेची. तालुक्याच्या गावात भारनियमन अचानक होतं. अर्धा घोडा कापून झाल्यावर लाइट गेली तर उरलेलं अर्धं तसंच राहतं. यात्रेच्या मैदानात तर प्लग शोधावा लागतो. तापीकाठच्या सारंगखेड्याच्या बाजारात शेवटचा हात फिरवायचा असेल तर कॉर्डलेसच कामाला येतं.

वायरच्या मशीनची बाजूही खरी आहे: ताकद एकसारखी राहते आणि बॅटरी बदलण्याचा खर्च नाही. दिवसाला चार-पाच घोडे अंगभर कापणाऱ्या व्यावसायिकाकडे म्हणून वायरचं मोठं आणि कॉर्डलेस छोटं अशी जोडी असते.

दाढीचा ट्रिमर चालेल का? आमच्याकडे मेंढ्यांची लोकर कातरायचं मशीनही आहे.

दाढीचा ट्रिमर जखमेभोवतीचे दोन बोटं केस काढायला एखाद्या वेळी चालतो. घोड्याचा केस जाड, त्यात धूळ आणि त्वचेचं तेल. पायाच्या केसांत छोटी मोटर अडखळते, केस कापायच्या ऐवजी ओढले जातात. घोड्याला ते दुखतं, आणि त्या दुखण्याची आठवण तो ठेवतो. पुढच्या वेळी चांगलं मशीन आणलंत तरी तो मागे सरणार.

मेंढीचं मशीन घोड्यावर अजिबात लावू नका. त्याची फणी लोकरीत खोल शिरण्यासाठी केलेली असते, दात लांब आणि विरळ. घोड्याच्या पातळ कातडीवर ती फणी खुपसली जाते आणि कातडी फाटते. काही कंपन्यांच्या मशीनचं डोकं बदलून घोड्याची ब्लेडं बसवता येतात, तेवढं डोकं वेगळं घेतलंत तर बॉडी तीच चालते. मेंढपाळांच्या वाड्यावर ओझ्याची भीमथडी घोडी असतात, तिथून हा प्रश्न नेहमी येतो, म्हणून सविस्तर सांगितलं.

ब्लेडचे नंबर कसे वाचायचे? १० नंबर मागितलं तर फार बारीक कापलं.

घोळ असा होतो की सलूनमध्ये आपण "दोन नंबर मार, चार नंबर मार" म्हणतो. तिथे नंबर प्लास्टिकच्या फणीचा असतो आणि नंबर वाढला की केस लांब राहतात. क्लिपरच्या धातूच्या ब्लेडचा नंबर उलटा चालतो: नंबर मोठा, केस तोकडे.

नेहमी लागणारी ब्लेडं अशी. ४० नंबर पाव मिलिमीटर केस ठेवतं, म्हणजे जवळजवळ कातडीलगत. ते डॉक्टरांचं ब्लेड, शस्त्रक्रियेच्या किंवा टाक्यांच्या जागेसाठी. ३० नंबर अर्धा मिलिमीटर. १५ नंबर सव्वा मिलिमीटरच्या जरा आत. १० नंबर दीड मिलिमीटर, आणि घोड्याच्या कामात सगळ्यात उपयोगी हेच: कानामागचा पट्टा, जबडा, जखमेची कड, सोनोग्राफीची जागा. ७ एफ तीन मिलिमीटरहून थोडं जास्त ठेवतं, ५ एफ सहा मिलिमीटरच्या वर. एफ हे अक्षर असेल तर दात सलग आणि जवळजवळ असतात. एफ नसलेल्या ७ किंवा ५ नंबरात एक दात लांब, एक आखूड असतो, आणि कातडीची घडी त्यात अडकू शकते. घोड्यावर एफवालंच घ्या. याच पद्धतीचं टी-८४ नावाचं रुंद ब्लेड मिळतं, ते अडीच मिलिमीटरच्या जरा आत केस ठेवतं. मधल्या आकाराच्या मशीनवर मान-छाती कापायला ते फार सोयीचं, कारण रेघा कमी उठतात.

कापण्याच्या दिशेनेही फरक पडतो. केसाच्या उलट दिशेने चालवलं तर ब्लेड सगळ्यात बारीक कापतं. केसाच्या दिशेने, वरून खाली चालवलं तर केस बरेच लांब राहतात आणि कापल्यासारखं दिसत नाही. पायाच्या मागचे केस काढताना मी नेहमी १० नंबर केसाच्या दिशेने चालवायला सांगतो. पाय स्वच्छ दिसतो आणि खुंट टोचत नाहीत.

मोठ्या मशीनच्या ब्लेडांना हे नंबर नसतात. त्यांच्यावर दातांची संख्या असते, उदाहरणार्थ ३१/१५, म्हणजे खालच्या पात्याला ३१ दात आणि वरच्याला १५. घोड्यासाठी हीच जोडी सर्रास चालते. दात कमी तितकं कापणं जाडंभरडं, ती ब्लेडं गायीम्हशींसाठी.

"ए-५ ब्लेड" म्हणजे काय, आणि त्याचा एवढा आग्रह का?

ए-५ ही ब्लेड मशीनला अडकवायची एक पद्धत आहे. अमेरिकेतल्या ऑस्टर कंपनीच्या क्लिपरवरून ती रूढ झाली आणि आता अँडिस, वाल, हाइनिगर अशा अनेकांची मधल्या आकाराची मशीन तीच पद्धत वापरतात. एका कंपनीचं ब्लेड दुसऱ्याच्या मशीनवर खटकन बसतं.

आपल्यासाठी याचं महत्त्व मोठं आहे. घोड्याच्या सामानाची दुकानं महाराष्ट्रात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. पण कुत्र्यांची ग्रूमिंग पार्लरं पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर, सगळीकडे झाली आहेत आणि तिथे ए-५ ब्लेडं रोज वापरात असतात. म्हणजे ब्लेड मिळतं, आणि धार लावणाऱ्याचा पत्ताही तिथेच मिळतो. ज्या मशीनचं ब्लेड फक्त त्याच कंपनीकडून आणि बाहेरच्या देशातून मागवावं लागतं, ते कितीही चांगलं असलं तरी घेण्याआधी दोन ब्लेडं जास्तीची मिळतात का ते विचारा. मिळत नसतील तर ते मशीन सोडून द्या.

बॅटरी किती तासांची बघू?

खोक्यावर लिहिलेली मिनिटं ही हवेत चालवल्याची असतात. दाट, धुळीच्या केसांत मोटरला जोर लागतो आणि वेळ बराच घटतो. तासाभराचं आश्वासन असेल तर पाऊण तास धरून चाला.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे बॅटरी काढून बदलता येते का. आत बसवलेली बॅटरी तीन-चार वर्षांनी थकली की पूर्ण मशीन टाकावं लागतं, किंवा कुणाकडून तरी उघडून घ्यावं लागतं. बदलता येणाऱ्या दोन बॅटऱ्या असतील तर एक चार्जिंगला, एक कामाला. छोट्या ट्रिमरमध्ये आतली बॅटरी चालते, कारण काम दहा-पंधरा मिनिटांचं. वायर लावून चालतं का हेही विचारा, काही मशीन चार्जिंगला लावल्यावर बंद पडतात.

लिथियम बॅटरी घ्या. ती शेवटपर्यंत सारख्या जोराने चालते आणि संपली की थांबते. जुन्या निकेलच्या बॅटऱ्या शेवटी हळू पडत जातात, आणि हळू पडलेलं ब्लेड केस ओढतं. लिथियमला उन्हाचं मात्र वावडं. चंद्रपूर-अकोल्याच्या मे महिन्यात पत्र्याच्या तबेल्यात किंवा बंद गाडीत मशीन ठेवू नका. ४५ अंशांच्या वर तर चार्जिंग करूच नये. हंगाम संपल्यावर बॅटरी अर्धी भरलेली ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा बघा.

अमेरिकेतला भाऊ सुट्टीला येतोय. त्याच्याकडून मागवू का?

कॉर्डलेस मागवा, वायरचं मागवू नका. तिकडे १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ, आपल्याकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. वायरचं मशीन ट्रान्सफॉर्मर लावून चालवलं तरी हर्ट्झ बदलत नाही, आणि काही मोटरींचा वेग त्यावरच ठरतो. कॉर्डलेसच्या चार्जरवर "१०० ते २४० व्होल्ट" आणि "५०/६० हर्ट्झ" असं छापलेलं असेल तर फक्त पिनेचा अडॅप्टर लागतो. भावाला चार्जरच्या मागच्या बाजूचा फोटो पाठवायला सांगा.

विमानात सुटी बॅटरी हातातल्या बॅगेत ठेवायची, चेक-इनच्या सामानात नाही. क्लिपरच्या बॅटऱ्या १०० वॅट-अवरच्या मर्यादेच्या खूप आत असतात, त्यामुळे परवानगीचा प्रश्न येत नाही.

वॉरंटी मात्र तिकडचीच राहते. बिघडलं तर इथला विक्रेता हात लावेलच असं नाही. म्हणून मशीन तिकडून आणलंत तरी ब्लेड इथे मिळणाऱ्या पद्धतीचंच असू द्या.

माझा घोडा मशीन चालू झालं की उधळतो. कमी आवाजाचं घेतलं तर प्रश्न सुटेल?

थोडा सुटेल. माणसाला साधारण २० किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, घोड्याला ३३ किलोहर्ट्झच्या पुढपर्यंत. आपल्याला जे मशीन शांत वाटतं त्यातली बारीक किणकिण घोड्याला ऐकू येत असेल. म्हणून दुकानात कानाला लावून आवाज तपासण्यापेक्षा, शक्य असेल तर ते मशीन कुणाकडून तरी एकदा मागून घोड्यासमोर चालवून बघा. थरथर हाही मोठा भाग. ट्रिमर चालू करून तुमच्या कपाळाच्या हाडावर उलट्या बाजूने टेकवा. तिथे जे जाणवतं तेच घोड्याला डोक्याच्या हाडांवर जाणवतं.

बाकी काम सवयीचं. पहिल्या दिवशी मशीन बंद ठेवून, नुसतं अंगावरून फिरवा. मग लांब उभं राहून चालू करा, घोडा शांत झाला की बंद करा आणि गूळ किंवा गाजर द्या. क्रम महत्त्वाचा आहे: घोडा शांत असतानाच मशीन बंद व्हायला हवं. तो झटापट करत असताना बंद केलंत, तर झटापट केली की त्रास थांबतो असं तो शिकतो. पुढे चालू मशीन धरलेल्या हाताची पाठ त्याच्या खांद्यावर ठेवा, म्हणजे थरथर तुमच्या हातातून त्याला कळेल. खांद्यापासून मानेकडे, शेवटी डोक्याकडे. काही घोडी आठवड्यात तयार होतात, काहींना महिनाही लागतो, आणि तो महिना दिलाच पाहिजे. लग्नाच्या आदल्या दिवशी पहिल्यांदा मशीन लावू नका.

वरच्या ओठाला दोरीचा फास लावून किंवा चौघांनी दाबून धरून कान कापण्याची रीत अजून दिसते. मला ती पाहवत नाही. फारच गरज असेल, म्हणजे जखम वगैरे, तर डॉक्टरांकडून भुलीचं हलकं इंजेक्शन घ्यावं. डॉक्टरांशिवाय घोड्याला गुंगीचं काहीही देऊ नये.

मोरखी घालून माणसाने धरलेला घोडा चांगला. कापताना घोडा खांबाला पक्का बांधू नका.

कान आणि मिशांचे केस पूर्ण काढावेत का?

नाही. ओठ, नाक आणि डोळ्यांभोवतीचे लांब राठ केस घोड्याला स्पर्शातून माहिती देतात. घोड्याला स्वतःच्या तोंडासमोरची जागा दिसत नाही. पेंढीतला काटा, पाण्याची पातळी, भिंत, हे त्याला या केसांनी कळतं. आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघाने १ जुलै २०२१ पासून हे केस कापलेल्या घोड्याला स्पर्धेत उतरायला मनाई केली आहे. वैद्यकीय कारणाची तेवढी सवलत. भारतातले जे घोडे त्या नियमांखाली स्पर्धा खेळतात त्यांनाही हे लागू आहे, तेव्हा क्लबवाल्यांनी आपल्या मोतद्दारांना नीट समजावून सांगावं. सवयीने हात तिकडे जातो.

कानाच्या आतले केस माश्या-गोमाश्या आणि धूळ अडवतात. मारवाडी आणि काठेवाडीचे कान टोकाला आत वळून एकमेकांना टेकतात, ते उठून दिसावेत म्हणून आतून साफ करण्याचा मोह होतो. त्याऐवजी कानाच्या दोन्ही कडा हळूच एकत्र धरा आणि बाहेर आलेले केस तेवढे कडेने कापा. कान तितकाच रेखीव दिसतो.

आमचा घोडा नुक्रा आहे. काही वेगळी काळजी?

हो. नुक्रा म्हणजे पांढरा घोडा, त्याची कातडी गुलाबी असते, तिला उन्हापासून वाचवणारा रंग नसतो. बारीक कापलं की नाकाड, डोळ्यांच्या कडा आणि पाठ उन्हाने भाजते. अंगावर १० नंबरपेक्षा बारीक ब्लेड लावूच नका, शक्यतो ७ एफ वापरा. लग्नाच्या घोड्याच्या पुठ्ठ्यावर नक्षी कापायची असेल तर ती केसांच्या वरच्या थरात काढा, कातडीपर्यंत जाऊ नका.

ब्लेड तापतं. मशीन खराब आहे का?

बहुतेक वेळा नाही. दोन धातूंची पाती घासतात, तापणारच. दर पाच-सात मिनिटांनी ब्लेड मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून बघा. तुम्हाला सहन होत नसेल तर घोड्यालाही होत नाही. दुसरं ब्लेड लावा किंवा थांबा. थंड करण्याचा स्प्रे मिळतो, पण त्यावर भिस्त ठेवून तेल टाळू नका.

तेल थेंब-दोन थेंब, दर दहा मिनिटांनी, दातांवर आणि पाती जिथे घासतात त्या पट्टीवर. क्लिपरचं तेल नसेल तर शिलाई मशीनचं पातळ तेल चालतं. खोबरेल नको, ते चोवीस अंशांखाली थिजतं आणि ब्लेडमध्ये चिकटून बसतं. रॉकेलमध्ये बुडवण्याची पद्धतही सोडा, घोड्याच्या कातडीला त्याने फोड येतात.

तेल घालूनही लगेच तापत असेल तर धार गेली आहे, किंवा घोडा धुतलेला नाही. माथेरानच्या लाल मातीसारखी बारीक धूळ केसांच्या मुळाशी असेल तर नवं ब्लेड एका घोड्यात बोथट होतं. आदल्या दिवशी शांपू लावून धुवा, पूर्ण वाळू द्या, मग कापा. ओला घोडा कापू नये.

पावसाळ्यात पायांना खपल्या येतात. केस कापल्याने फायदा होतो?

खुराच्या वरचे दाट केस ओले राहतात आणि कातडी मऊ पडून तिथे जंतू वाढतात. ते केस कमी केले तर पाय लवकर वाळतो आणि औषध कातडीपर्यंत पोहोचतं. पण कातडीलगत कापू नका, बारीक ओरखडे पडले तर जंतूंना आयतीच वाट मिळते. जून लागण्याआधी केसाच्या दिशेने कापून घ्या. खपल्या आधीच असतील तर ओढून काढू नका, डॉक्टरांना दाखवा, आणि त्या पायावर चालवलेलं ब्लेड धुतल्याशिवाय दुसरीकडे लावू नका. पाठीवर पावसाने येणाऱ्या खपल्या आणि गजकर्ण दोन्ही ब्लेडमधून पसरतात.

उन्हाळा आला तरी घोडीचे लांब केस झडत नाहीत. कापून टाकू?

कापा, तिला आराम पडेल. पण आधी डॉक्टरांना बोलवा. पंधरा वर्षांपुढच्या घोड्याचे केस लांब, कुरळे राहणं हे मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीच्या आजाराचं ठळक लक्षण आहे. सोबत पाणी जास्त पिणं, पाठीचे स्नायू उतरणं, खुरांत पुन्हा पुन्हा दुखणं असेल तर शंका बळावते. यावर औषध आहे आणि ते वेळेवर सुरू झालं तर घोडी चांगली जगते.

धार कुठे लावायची?

कात्री-सुऱ्यांना धार लावणाऱ्याकडे देऊ नका. क्लिपरच्या दोन्ही पात्यांचे पृष्ठभाग एकमेकांवर तंतोतंत बसावे लागतात, त्यासाठी वेगळी चकती लागते. साध्या सहाणेवर घासलं की मध्ये फट पडते आणि ब्लेड कायमचं जातं. कुत्र्यांच्या पार्लरला विचारा, किंवा विक्रेत्यामार्फत पाठवा. वरचं आणि खालचं पातं जोडीनेच द्या, जोड्यांची अदलाबदल नको. छोट्या ट्रिमरच्या कळवाल्या ब्लेडला धार लावण्यापेक्षा नवं घेणं परवडतं, बहुतेक जण तेच करतात.

मोठ्या मशीनला पात्यांचा ताण कमी-जास्त करण्याचा स्क्रू असतो. कापणं बिघडलं की लोक तो आवळत जातात. ताण जास्त झाला की ब्लेड तापतं, मोटर दमते, बॅटरी अर्ध्या वेळात संपते. पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे सुरुवात करा, कापेना तर पाव फेरा आवळा, तरी कापेना तर ब्लेड बदला.

खर्च किती धरू?

चांगला ट्रिमर काही हजारांत येतो. मधल्या आकाराचं नामांकित मशीन त्याच्या कितीतरी पट, आणि मोठं कॉर्डलेस आयात करून तीस-पन्नास हजारांच्या पुढे जाऊ शकतं. ऑनलाइन हजार-पंधराशेत "घोड्याचा क्लिपर" म्हणून मिळणाऱ्या मशीनची ब्लेडं पुन्हा मिळत नाहीत, त्यामुळे ते पैसे वाया जातात. मशीनसोबत दोन जादा ब्लेडं, तेल आणि ब्रश यांचे पैसे पहिल्याच दिवशी बाजूला काढा. बजेट तुटपुंजं असेल तर मशीन एक पायरी खालचं घ्या, ब्लेडांत काटकसर करू नका.

गावातल्या चार जणांनी मिळून एकच मशीन घेतलं तर?

चांगली कल्पना, विशेषतः मधल्या आकाराचं. माथेरान-महाबळेश्वरसारख्या ठिकाणी, जिथे एकेकाकडे दोन-तीन घोडी आहेत, तिथे हेच परवडतं. मशीन सगळ्यांचं ठेवा, ब्लेड मात्र ज्याचं त्याचं, डबीवर नाव लिहून. तरीही प्रत्येक घोड्यानंतर ब्लेड काढा, ब्रशने केस झाडा, बुरशीवर चालतं असं बाटलीवर लिहिलेल्या जंतुनाशकात सांगितलेला वेळ बुडवा, कोरडं पुसा आणि तेल लावा. केसांचा गुंता तसाच ठेवून द्रावणात टाकलेलं ब्लेड निर्जंतुक होत नाही, म्हणून झाडणं आधी. मशीनची बॉडी पाण्यात घालू नका, ओलसर फडक्याने पुसा, आणि हवा आत खेचणारी मागची जाळी उघडून केस काढा. बॅटरी कुणी चार्ज करून द्यायची हेही आधीच ठरवा: ज्याने शेवटी वापरलं त्याने.